तोंड धुवायची पूड

मामी पदर सोडायला तयार नव्हती. मी वाडीत पोचले तेव्हा ती ओटीवर बसली होती, पदर असा नाकापर्यंत ओढलेला, जणू गावात सासरे आलेत. सासरे जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, "दाखव तर."

"चा पी आदी," ती म्हणाली. "काय नाय गो, थोडी आग होते."

चहा झाल्यावर तिने पदर खाली घेतला. दोन्ही गाल कच्च्या मांसासारखे लाल होते. नाकाच्या बाजूला खपली धरली होती आणि तिच्या कडेने पाणी सुटत होतं. मला त्या गालांकडे बघवेना.

"काय लावलंस?"

"आपलीच पूड. महाडच्या बाईंनी दिवाळीला पिशवी दिली. आपल्याच हातची हाय म्हणून लावली तीन दिवस."

आपल्याच हातची, हे खरं होतं, आणि या सगळ्याला मी कारण होते. मी महाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. द्रावणं करून ठेवते, परीक्षानळ्या धुते, मुलांनी सांडलेलं पुसते. बाजारात एक पार्लर आहे, तिथे मी भुवया कोरायला जायचे. पुराच्या वर्षी सावित्रीचं पाणी त्या पार्लरमध्ये छताला लागलं. खुर्च्या, आरसे, सगळं चिखलात गेलं. नंतर त्या बाईंनी वरच्या मजल्यावर पुन्हा सुरुवात केली आणि जोडीला तोंड धुवायची पूड विकायला काढली. साबणाऐवजी ओल्या हातावर चिमूटभर घ्यायची, लेप करायचा, हलकं चोळून धुवायचं. "घरगुती पूड करणाऱ्या कुणी बायका आहेत का ओळखीच्या?" असं त्यांनी विचारलं आणि मी मामीचं नाव सांगितलं.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी मामीची वाडी आहे. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला, घरी बायका आणि भाताची शेतं. मामी आणि शेजारच्या तिघींनी मिळून पूड करायला सुरुवात केली. तांदूळ धुऊन, वाळवून दळायचा, कपड्यातून गाळायचा. मसुराची डाळ तशीच. आंबेहळद घरची. भाताच्या बांधावर लव्हाळा माजतो, त्याच्या गाठी म्हणजेच नागरमोथा, त्या खणून, वाळवून कुटायच्या. रिठा थोडा. मुलतानी माती तेवढी बाई पाठवायच्या.

पाकिटावरचा मजकूर मी लिहिला. बाई म्हणाल्या, "तुम्ही शास्त्रातल्या, तुम्हीच लिहा." मला ते आवडलं, हे कबूल करते. माती त्वचेवरचं जादा तेल शोषून घेते. तांदळाचं पीठ इतकं मऊ असतं की मेलेली कातडी निघते, पण ओरखडा उठत नाही. मसुरामुळे लेप धरून राहतो. रिठ्याचा फेस मळ सोडवतो. हळद आणि नागरमोथा वासाला आणि रंगाला. शेवटी मी लिहिलं, रसायनविरहित. रसायनशास्त्राच्या खोलीत बसून मी हा शब्द लिहिला आणि मला त्याचं हसूसुद्धा आलं नाही.

मी मामीला ती पिशवी आणायला सांगितली. वाटीत दोन चमचे पूड घेतली आणि पाणी घातलं. पिवळी पूड आधी थोडी फेसाळली, मग बघता बघता विटकरी लाल झाली.

मामी वाकून बघत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "यात चुना हाय."

"कशावरून?"

"हळदीला चुना लागला की कुंकू होतं. तुला शाळेत नाय शिकवलं?"

शिकवलं होतं. चुना नव्हता तो, सोडा होता, पण जात एकच. साधा खायचा सोडा असता तर हळद एवढी लाल झाली नसती. हा कपडे धुण्याचा सोडा. माणसाची कातडी किंचित आंबट असते आणि तिचं ते आंबटपण तिला जपतं. सोड्याने ते धुऊन जातं, वरचा तेलकट थर सुटतो आणि खालची कातडी उघडी पडते. मामीने तीन दिवस उघड्या कातडीवर पुन्हा तेच चोळलं होतं.

सोमवारी मी पिशवी कॉलेजात नेली. पूड पाण्यात कालवून लाल लिटमस बुडवला, तो निळा झाला. ते अपेक्षितच होतं. मग मी काचपट्टीवर चिमूटभर पूड पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तांदळाच्या पिठाचे कण दिसायला हवे होते. दिसले ते टोकदार, पारदर्शक तुकडे, काचेच्या चुऱ्यासारखे. भाताचं तूस होतं ते, गिरणीतून दळून आणलेलं. तुसात वाळूच असते म्हटलं तरी चालेल. त्याने भांडी घासतात आमच्याकडे. त्या तुकड्यांच्या मधे किड्याचे पाय होते. एक पंख होता. अळीने विणलेल्या जाळीचे पुंजके होते आणि त्यात एक राखाडी केस, माणसाचा नसावा इतका बारीक.

मी पिशवी नाकाजवळ नेली. वर गुलाबाचं अत्तर होतं. अत्तर विरल्यावर खालून दुसरा वास आला आणि तो मी ओळखला. पुरानंतर महाडच्या प्रत्येक दुकानातून महिनाभर तो येत होता, भिजून फुगलेल्या धान्याचा, कुबट, गोडसर. आम्ही नाकाला रुमाल बांधून बाजारातून चालायचो.

ही पूड मी स्वतः दोन महिने रोज सकाळी लावत होते. ओठांवरून, पापण्यांवरून. चिमूटभरच घ्यायचे आणि लगेच धुवायचे, म्हणून मला ती बाधली नाही आणि तिचा पालटलेला रंगही माझ्या लक्षात आला नाही. कधी कधी थोडी तोंडात जायची आणि मी ती मसुराची चव समजून थुंकायचे. मी बेसिनपाशी जाऊन ओकले. नंतर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि तरी तो केस माझ्या गालाला चिकटलाय असं संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

पार्लरमध्ये मी भांडायला गेले होते. बाईंनी भांडूच दिलं नाही.

"मामींना बाधलं का?" त्या म्हणाल्या. "अरेरे. सगळ्यांनाच नाही हो बाधत. बसा ना."

"तुम्ही त्यात सोडा घालता."

"घालते. रिठ्याचा फेस येतो तरी किती? बायकांना भरपूर फेस लागतो."

"आणि तूस?"

"घासल्यासारखं वाटलं पाहिजे. थोडं चुरचुरलं की वाटतं काम करतंय. नुसतं पीठ लावलं तर म्हणतात, यात काही दमच नाही."

त्यांनी मला मागची खोली दाखवली. लपवलं काहीच नाही, हेच मला सहन होईना. कोपऱ्यात डाळीची पोती होती, चिखलाच्या रेषेचा डाग अजून त्यांच्यावर होता. पोत्यांच्या बुडाशी उंदराच्या लेंड्या. मधे निळा प्लास्टिकचा टब. तो टब मी ओळखत होते. गिऱ्हाइकांचे पाय त्यात भिजत ठेवून टाचा घासत असत. माझेही पाय त्यात भिजले होते. आता त्यात पिवळी पूड होती आणि कडेला कापलेले केस चिकटलेले होते.

"ही डाळ पुरातली आहे," मी म्हटलं.

"दुकानदार फेकूनच देणार होते, माल वाढवायला घेतली मी. तोंडाला लावायचीय, खायची थोडीच आहे?" त्यांनी टबात हात घालून पूड वरखाली केली. "माझंही सगळं पुरात गेलं, ताई. कोण आलं होतं विचारायला?"

कुणी आलं नव्हतं. मीही गेले नव्हते. पण त्यांच्या अंगठीत ती पूड अडकलेली दिसत होती आणि मला त्यांची कीव येत नव्हती.

"पाकिटावरचा माझा मजकूर काढा."

"का? त्यात खोटं काय आहे? तूस तांदळाचंच आहे, डाळ मसुराचीच आहे, हळद तर तुमच्या मामींचीच." त्या हसून म्हणाल्या, "किती छान लिहिलंय तुम्ही."

त्यांनी चहा मागवला. मी न पिता निघाले.

कॉलेजात ज्या तिघींना मी पूड घ्यायला लावली होती त्यांना सांगितलं. दोघींनी फेकली. तिसरी म्हणाली, "मला तर चांगली मानवते, चेहरा उजळलाय." काचपट्टीवरचा किड्याचा पाय दाखवला, तर ती म्हणाली, "पिठात असतंच की थोडंफार."

वाडीत मामीला सगळं सांगितलं तेव्हा तिला गालांचं काही वाटलं नाही. ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली. "आम्ही लुगड्यातून तीन तीनदा गाळून देतो, नि ती त्यात तूस घालते?" असं ती दोनदा म्हणाली. मग चौघींनी पूड देणं बंद केलं. बाईंना दुसऱ्या गावातल्या बायका मिळाल्या असणार, कारण माल थांबला नाही. पाकीट उलट चकचकीत झालं. मजकूर अजून माझाच आहे. अन्न-औषध खात्याकडे लेखी तक्रार मी केली आहे, तिची पोच तेवढी माझ्याकडे आहे.

मामीचे गाल खोबरेल तेलावर महिनाभरात भरून आले. उजव्या गालावर काळपट डाग राहिला.

यंदा पाचाडला नात्यातल्या एका मुलीच्या हळदीला आम्ही दोघी गेलो होतो. नवरीच्या मावशीने पिशवीतून ते पाकीट काढलं, आंघोळीआधी नवरीचं तोंड चोळायला. मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात मामी उठली. तिने पाकीट मावशीच्या हातातून घेतलं, उघडून हुंगलं आणि मागच्या दारी जाऊन उकिरड्यावर उपडं केलं.

"अहो, माझं होतं ते," मावशी म्हणाली.

"माहीत हाय," मामी म्हणाली. "पोरीचं तोंड तरी नीट राहूंदे."

कुणी कारण विचारलं नाही. मीच नंतर मावशीला बाजूला घेऊन सांगायला गेले, तर ती म्हणाली, सगळ्यांसमोर करायची काय गरज होती. जेवताना आमच्या पंगतीत भात वाढायला ती आली नाही. मामीने दुसऱ्या बाईकडून मागून घेतला आणि पोटभर जेवली.