काढून टाकलेला दिवस

तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात पुराचे अंदाज बांधायचं काम चाले. केवढा पाऊस किती वर्षांतून एकदा पडेल, पाणी कुठवर चढेल, असलं. माझे साहेब तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेले, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या पोथीतून आल्यासारखं वाटे आणि मला परमुलखात घरचं माणूस भेटल्याचा आनंद होई. ऑफिसात सर, बाहेर काका. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे पूर येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी नव्हे, दर वर्षी शंभरातली एक चिठ्ठी त्याच्या नावाची असतेच, हे मला त्यांनीच शिकवलं.

आईचे गुडघे गेलेले. तिला साताऱ्याहून आणायची तर घर तळमजल्यावरच हवं होतं. काकांच्याच सोसायटीत, दलदलीच्या कडेला, एक रिकामं होतं. पाणी चढेल का, असं मी त्यांना विचारलं, कारण त्या जागेचा अहवाल त्यांनीच केला होता.

“भ्यायचें कारण नाही मा. आम्ही सगळा कणक्कु करून पाहिला आहे.”

कणक्कु म्हणजे हिशेब, आणि ‘मा’ म्हणजे इकडचं मायेचं ‘पोरी’. त्यांचा शब्द मला काळ्या दगडावरची रेघ होता. मी लगेच घर घेतलं.

डिसेंबरात, इकडच्या ऐन पावसाळ्यात, पाणी घरात शिरलं. सकाळी आई जेवणाच्या टेबलावर बसलेली, मांडीवर देव, खाली गुडघाभर गढूळ पाणी. काका तिसऱ्या मजल्यावरून आमटीचा डबा घेऊन उतरले आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबले. मी पाण्यातून दारापर्यंत गेले.

“काका, अहवालात हे पाणी का नव्हतं?”

“मागें एक दिवस पाऊस फार पडला होता. तो दिवस धरला तर इमारतीला परवानगीच मिळत नव्हती मा. बिल्डर घाईत होता. पाऊस मोजायच्या यंत्राची चूक म्हणून तो दिवस काढून टाकला. सगळेच काढतात.”

माझं डोकंच फिरलं. असल्या एका दिवसासाठीच तर आमचा सगळा धंदा! रडूही आलं, रागाने. ज्याने चिठ्ठ्यांचं गणित शिकवलं, त्यानेच आमची चिठ्ठी उचलून खिशात घातली होती.

आईला यातलं गणित कळत नव्हतं. तिने टेबलावरूनच विचारलं, “भाऊ, तुम्ही तिसरा मजला कधी घेतलात? त्या अहवालाच्या आधी की नंतर?”



“नंतर,” काका म्हणाले आणि डबा पुढे केला.

“वर घेऊन जा,” आई म्हणाली. “इथे ठेवायला कोरडी जागा नाही.”