फॉरमॅट मारावा लागेल

सावेडीत आमच्या घरापासून दोन चौक सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाला दुरुस्ती सोडून सगळं येतं. मागच्या उन्हाळ्यात मी माझा लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घालून त्याच्याकडे नेला आणि सांगितलं, की बाकी सगळं ठीक चालतंय, फक्त मशीनबरोबर आलेली तीन ॲप्स उघडत नाहीत. एक फोटो बघायचं, एक कॅल्क्युलेटर आणि एक त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं. दाबलं की एक चौकोन लुकलुकतो आणि गायब होतो. त्यानं लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. झाकणावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल."

"आणि आतलं?"

"ते जाणार ना सगळं. पण मशीन एकदम नवं होईल बघा."

नवं होईल म्हणे! दात दुखतोय म्हणून गेलेल्या माणसाला कवळी बसवून वर अभिनंदन करणारी ही जात. माझ्या पुढे एक कॉलेजातली मुलगी उभी होती, तिचा प्रिंटर चालत नव्हता. तिलाही त्यानं फॉरमॅटच सांगितला होता. मी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि घरी आले. येताना रागाच्या भरात कोथिंबीर आणायची विसरले.

मला आत काय हवं होतं ते सांगते. मी जमिनीच्या कागदपत्रांशी संबंधित एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं नोकरी केली. मोडी लिपीची परीक्षा लग्नाआधीच पास झाले होते. निवृत्तीनंतर लोक घरी येऊ लागले. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देव्हाऱ्याखाली मोडीतले जुने कागद निघतात, पण वाचणारा घरात कुणी उरलेला नसतो. मी ते भिंगातून वाचायची आणि वाचलेलं त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर टाइप करायची. चांगली फाईल करून, नाव देऊन ठेवता आली असती. पण ही चिठ्ठी कधी "सेव्ह करू का" असं विचारत नाही, लिहिलं की राहतं, हे मला फार आवडायचं. ती एकदा माझा ईमेल मात्र मागत होती. चिठ्ठीला कशाला हवाय माझा ईमेल? दिला नाही.

त्यातल्या तीन चिठ्ठ्या राहुरीच्या अलीकडच्या एका शेतकऱ्याच्या होत्या. सत्तरीचा माणूस, बोलायला कमी. त्याच्या पणजोबाच्या वेळचा कागद, सामायिक विहिरीचं पाणी कुणी किती दिवस घ्यायचं याचा. शाई उडालेली, कडा कुरतडलेल्या. दोन वर्षांपूर्वी आठ दिवस घालवून मी तो वाचला होता. तेवढ्यात त्याचं आणि चुलतभावाचं पाण्यावरून चाललेलं भांडण मिटलं, म्हणून तो कागद परत घेऊन गेला आणि म्हणाला, "तुमचं लिवलेलं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच म्याडम, लागंल तवा नेईन." आता चुलतभावानं विहिरीवर नवी मोटार बसवली होती आणि याची पाळीच नाही असं म्हणत होता. वकिलाला शुक्रवारी वाचन द्यायचं होतं. हा गुरुवारी येणार होता.

आता कुणीही म्हणेल, कागद त्याच्याकडे आहेच, पुन्हा वाचा. तिथंच तर खरी गोम होती. त्याच्या वर्षभर आधीपासून माझ्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. इंजेक्शनं चालू आहेत. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून मला दिसतात, छापलेलं भिंगातून कसंबसं दिसतं, पण उडालेल्या शाईची मोडी म्हणजे मधली अक्षरं कुणीतरी खाऊन टाकल्यासारखी दिसते. हे मी डॉक्टर सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला? नगरात मोडी वाचणारे दुसरे म्हणजे एक निवृत्त गुरुजी. वीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले होते, की गुरुजींना अक्षर लागलं नाही की ते अंदाज ठोकतात. आता माझ्या तोंडानं मी लोकांना त्यांच्या दारात पाठवणार होते की काय? मी नवीन कामं "सध्या वेळ नाही" म्हणून परत लावत होते आणि गप्प बसत होते.

पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो इंजिनिअर आहे. एवढं सांगितलं म्हणजे पुरे, कारण पुढचं सगळं तो स्वतःच सांगतो. "मावशी, सगळी सिस्टिमच नव्यानं टाक. जुना कचरा तरी जाईल."

"कचरा नाहीये तो."

"बरं, मग सेटिंगमध्ये जा, ॲप्सची यादी उघड, नावापुढच्या तीन टिंबांवर दाब. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. खाली रीसेट असेल, ते दाब. दोन मिनिटांचं काम आहे गं. आणि साइन इन केलं असतंस तर ही वेळच आली नसती." हे शेवटचं वाक्य त्यानं तीनदा सांगितलं. मग त्याची मीटिंग सुरू झाली.

गुरुवारी सकाळी दहालाच शेतकरी आला. एक पिशवी वांगी आणली होती, ती दारातच ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसला. मला त्याला सांगावंच लागलं, की तुमचं वाचन या पेटीत आहे आणि पेटी ते देत नाहीये. दुकानदार काय म्हणाला तेही सांगितलं, भरपूर तिखटमीठ लावून.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पानबुडी मोटार चालंना म्हनून कोनी हीर बुजवतंय व्हय?"

इतक्या दिवसांत शहाण्यासारखं बोललेला हा पहिला माणूस. मी जोरात हसले. मला एकदम हुरूप आला.

आधी कॅल्क्युलेटरवर प्रयोग केला, कारण त्यात माझं काही ठेवलेलं नव्हतं. भाच्यानं सांगितल्याप्रमाणे रीसेट दाबलं, आणि कॅल्क्युलेटर खरंच उघडलं. भाच्याबद्दल क्षणभर बरं वाटलं. मग चिठ्ठ्यांच्या ॲपकडे वळले. तीच पानं, तेच बटण. बाण त्यावर नेला. आणि थांबले.

थांबले ते अकलेनं नाही, सवयीनं. बत्तीस वर्षं सहीच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी सही केलेली नाही. बटणाजवळही बारीक इंग्रजीत काहीतरी होतं. अक्षरं मोठी करायचं त्या घाईत सुचलंच नाही. मोडीचं भिंग ड्रॉवरमधून काढलं आणि नाक स्क्रीनला लावून एकेक शब्द जुळवला. रीसेटपाशी लिहिलं होतं, की ॲपमधली माहिती पुसली जाईल. त्याच्याच वर दुसरं बटण होतं, रिपेअर. त्यापाशी लिहिलं होतं, की माहितीला धक्का लागणार नाही.

म्हणजे माझा इंजिनिअर भाचा दोन मिनिटांत माझी आठ दिवसांची मेहनत आणि या माणसाचं पाणी धुऊन टाकणार होता. एक बटण वर, एक खाली. त्याला खालचंच पाठ. वरचं त्यानं कधी वाचलंसुद्धा नसेल, कारण वाचायला थांबावं लागतं. मी मोठ्यानं म्हणाले, "या लोकांना सगळं पुसून नव्यानं मांडायचीच हौस! एवढंसं बिघडलं तर एवढंसंच दुरुस्त करावं, हे डोक्यातच येत नाही यांच्या!"

मी रिपेअर दाबलं. बटणाशेजारी बरोबरची खूण आली, पण ॲप काही उघडेना. पुन्हा दाबलं. पुन्हा खूण, पुन्हा तोच चौकोन आणि गायब. शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. त्याचं ते गोल गोल फिरायला लागलं. तेवढ्या वेळात तो म्हणाला, "म्याडम, राग न्हाई ना यायचा? एक सांगू का?"

"सांगा की."

"आमचं म्हातारं गेलं तवा वारसनोंदीला मी तुमच्याच टेबलावर आल्तो. लई वर्सं झाली. समदी कागदं हुती. धाकल्या भनीची एक सही ऱ्हायली हुती, येवढंच. मी म्हनलं, सही आनून देतो. तुमी म्हनला, नव्यानं अर्ज करा. समदा गठ्ठा पुन्यांदा. चार खेपा झाल्या मला. ऐन कांदा काढायच्या दिसात."

मला तो आठवेना. अजूनही आठवत नाही. असे किती आले असतील? सही राहिली, नवा अर्ज. एक पान कमी, नवा अर्ज. ते सोपं पडायचं. जुन्या फाईलवर शेरा मारायचा, तिला पुरवणी जोडायची, वरच्यांना समजावून सांगायचं, या सगळ्यापेक्षा "नव्यानं अर्ज करा" हे तीन शब्द कितीतरी सोपे. पुन्हा वर मी त्याला शिस्त म्हणत होते. मला त्या क्षणी दुकानदाराची झाकणावरची टकटक ऐकू आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" मी विचारलं. जरा तोऱ्यातच विचारलं, कारण लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"तुमी वाचल्याबिगर सही करीत न्हाई ना," तो म्हणाला. "म्हनून."

लॅपटॉप चालू झाला. मी चिठ्ठ्यांच्या ॲपवर दाबलं. चौकोन लुकलुकला, आणि या वेळी टिकला. एकामागून एक सगळ्या चिठ्ठ्या आल्या. दूधवाल्याच्या सुट्ट्या, गॅसचा नंबर, आणि त्याच्या तिन्ही. मी अक्षरं मोठी करून वाचू लागले आणि तो खुर्ची ओढून जवळ आला. चतुःसीमा, पणजोबाचं नाव, साक्षीदार, सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या चिठ्ठीत पाण्याची ओळ होती, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. आठ दिवसांच्या फेऱ्यात याच्या घराकडे पाणी किती दिवस. तिथं मी लिहिलं होतं, "तीन", आणि पुढं कंसात प्रश्नचिन्ह. खाली लिहिलं होतं, "शब्द घडीवर आहे. दोनही असेल. पुन्हा बघणे."

पुन्हा बघणे! दोन वर्षांपूर्वी मला वाटलं होतं, की पुन्हा बघायला माझे डोळे कायम राहणार आहेत.

त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून पुढ्यात ठेवला. मी भिंग घेतलं, खिडकीशी गेले, कागद उजेडात तिरका धरला. घडीच्या जागी मला फक्त एक वाकडी रेघ हलताना दिसत होती. मागं वळले तर तो माझ्याकडे बघत होता. प्रश्नचिन्ह पुसायला एकच बटण पुरेसं होतं. तीनच असणार, मला जवळजवळ खात्री होती. त्यालाही तीनच हवे होते. खाली माझी सही आली असती आणि कुणी विचारलंही नसतं.

"अहो, मला हे दिसत नाही," मी म्हणाले. "माझे डोळे बिघडलेत. वर्ष झालं. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

मग त्यानं विचारलं, "म्हंजी समदं पुन्यांदा?"

चिडून नाही विचारलं. कुरबूर न करता, उठायच्या तयारीनं विचारलं. माणूस आठवत नव्हता, पण तो आवाज मात्र आता मी ओळखला. बत्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून तो ऐकला होता आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती.

"नाही," मी म्हणाले. "एवढा एकच शब्द. बाकीचं बरोबर आहे, त्यावर मी सही करते. या एका शब्दापुरतं दुसऱ्याचं वाचन जोडू. आजच होईल."

"कोनाचं?"

मी डायरी काढली आणि गुरुजींचा नंबर शोधला. त्यांनी फोन उचलला, पण नाव सांगण्याआधी मला दोनदा घसा साफ करावा लागला.