चमच्याच्या पलीकडचं स्कॉटलंड

डॉक्टरांनी टेबलावर चमचा आडवा ठेवला, की आपण ओळखायचं, आता सुटका नाही. चमचा म्हणजे बॉर्डर. खाली इंग्लंड, वर स्कॉटलंड, मिठाची डबी म्हणजे एडिंबरा. मग भुवया उंचावून ते विचारायचे, "अपघात अलीकडे की पलीकडे?"

आमच्या लीड्सच्या मंडळात कोणाच्याही गाडीला ओरखडा आला, तर इन्शुरन्सवाल्यांच्या आधी डॉक्टर हजर. रिटायर होईपर्यंत ते हॉस्पिटलात भूल द्यायचे. नंतर तीच सेवा त्यांनी मंडळात चालू ठेवली, फक्त सुईशिवाय. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. नसेल, तर तुमची गाडी अजून कोणी ठोकलेली नाही.

मी त्यांचा शेजारी, दोन घरांत एकच भिंत. पॉलिसी घेताना दर वर्षी पाच ठिकाणी भाव काढणारा माणूस. त्याचं त्यांना हसू यायचं. "भाव काय बघताय? कायदा बघा!"

कायदा असा. राजा एक, पाउंड एक, पॉलिसीही एकच. पण मागून धडक बसून मान लचकली, तर अलीकडे ती किती काळ दुखली ते बघून सरकारी तक्त्यातली ठरलेली रक्कम. पलीकडे तो तक्ताच नाही. ज्याचं दुखणं त्याच्यापुरतं जोखायचं. लहान मूल जखमी झालं, तर दाव्याची मुदत अलीकडे त्याच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत, पलीकडे एकोणिसाव्या. ही मौलिक माहिती त्यांनी मला माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला, केक कापताना दिली. कोणी वाइन ओतायला लागलं, की म्हणायचे, "पलीकडे ड्रायव्हिंगचं लिमिट याहून कमी आहे हं." पुढची पार्टी ज्यूसवर.

त्यांचा दुसरा नियम बॉर्डरच्या दोन्हीकडे लागू होता. अपघाताच्या जागी सॉरी म्हणायचं नाही, ती चुकीची कबुली ठरते; म्हणावंच लागलं, तर पुढे 'विदाउट प्रेज्युडिस' जोडायचं, म्हणजे ते कोर्टात धरता येत नाही. ज्या देशात तुम्ही कोणाच्या पायावर पाय दिलात तरी तोच सॉरी म्हणतो, तिथे हे व्रत सोपं नाही. डॉक्टरांनी ते घरातही पाळलं. दूध उतू गेलं, तर ते गॅसचा दोष सांगायचे. वहिनी फडकं घेऊन पुसायच्या.

त्यांची मुलगी एडिंबराला. दसऱ्यानंतरच्या शनिवारी ते तिच्याकडे निघाले. मलाही कामासाठी तिकडेच जायचं होतं, म्हणून मागच्या सीटवर मी. बॉनेटवर माझ्याच बागेतल्या झेंडूची माळ, दर दसऱ्याला मी ओवून द्यायचो ती, पूजेची. डबा उघडायचा तो बॉर्डरच्या दगडापाशीच, हा त्यांचा रिवाज. त्याप्रमाणे थालीपीठं झाली, फ्लास्कमधला चहा झाला. डॉक्टरांनी गाडी सुरू केली आणि मान मागे वळवून मला सांगू लागले, "आता बघा, इथून पुढे कायदा बदलला..."

समोर कॅम्परव्हॅन उभी होती. चांगली मोठी, पांढरी. आम्ही तिच्यात गेलो.

व्हॅनमधून एक आजीबाई उतरल्या आणि सवयीप्रमाणे "सॉरी, लव्ह" म्हणाल्या. त्यांची गाडी हललीसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले. उतरले ते थेट दगडाकडे, आणि व्हॅनची चाकं कुठल्या देशात आहेत ते वाकून बघू लागले.

"डॉक्टर," मी हाक मारली, "वहिनींची मान आखडलीय. वळत नाहीये."

"एक मिनिट. आधी अलीकडे की पलीकडे, ते ठरू दे."

पुढच्या सीटवरून, मान न हलवता, वहिनी म्हणाल्या, "अहो, ती दोन्हीकडे दुखतेय."

संध्याकाळी मुलीच्या घरी वहिनी गळ्यात पट्टा घालून बसल्या होत्या. डॉक्टर उत्साहात. व्हॅनची चाकं स्कॉटलंडात निघाली होती. "अगं, तू पॅसेंजर. माझ्या इन्शुरन्सवर क्लेम कर. पलीकडचा कायदा लागेल. तुझा फायदाच आहे!"

"मला क्लेम नको. चूक तुमची होती, एवढं म्हणा."

"इन्शुरन्सला तसं लिहून देतो ना."

"त्यांना नका लिहू. मला म्हणा."

डॉक्टर पडद्याचं कापड बघत बसले. दुसऱ्या दिवशी गाडी तिकडच्या गॅरेजात सोडून आम्ही दोघंच ट्रेनने लीड्सला परतलो. वहिनी मान बरी होईपर्यंत राहणार होत्या. मान नाताळापर्यंत बरी झाली, असं मुलीने फोनवर सांगितलं. वहिनी आल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात भिंतीपलीकडून दूध उतू गेल्याचा वास बऱ्याचदा आला. दोष द्यायला गॅस होता, ऐकायला कोणी नव्हतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात कोणीतरी आपला बंपर दाखवायला आलं. डॉक्टरांनी चमचा उचलला, आणि त्या चमच्याने शिरा खाल्ला.

फेब्रुवारीत एका सकाळी ते दारात उभे. हातात स्टीलचा डबा. "थालीपीठं केलीत. जळलीत थोडी. आमचे कचऱ्याचे बिन्स बाहेर काढाल का मंगळवारी?"

"गॅस मोठा होता का?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

रात्री एडिंबराहून वहिनींचा फोन आला. "आलेत हो. दारातच उभे, आत येईनात. आधी म्हणाले, 'चूक माझी होती. सॉरी.' आणि लगेच पुढे म्हणाले, 'विदाउट प्रेज्युडिस.'"

"मग?"

"मग काय, घेतलं आत. थालीपीठ कडू होतं. खाल्लं."

ते दोघं परत आले नाहीत. नातवंडांच्या जवळ तिकडेच घर घेतलं. शेजारी आता एक तरुण जोडपं आलंय, एकमेकांना दिवसभर सॉरी म्हणत असतं. दसऱ्याला मी दोन माळा ओवल्या. एक माझ्या गाडीला घातली. दुसरी हातात घेऊन डॉक्टरांच्या ड्राइव्हवेपर्यंत गेलो, तेव्हा लक्षात आलं.