ज्याला लागली त्याचा शब्द

बायकोला हे माहीत नाही. ज्या पोरांसोबत दर रविवारी धुळीत लोळलो त्यांना माहीत नाही. विहारात माझ्याशेजारी मांडी घालून बसणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय, आणि हाही एक भित्रेपणाच झाला म्हणा. पण कुठंतरी तोंड उघडायलाच पाहिजे. चार वर्षं झाली, घशात कुसळ अडकावं तसं अडकलंय.

ऐकायला फालतू वाटेल. खेळातली गोष्ट आहे. खेळण्यातली बंदूक, प्लास्टिकची गोळी. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? मीही चार वर्षं स्वतःला हेच सांगत आलो की एवढंच तर आहे.

आधी माझं सांगतो. मी बेंबळीचा. धाराशिवला एका भरती अकॅडमीत पोरांना ग्राउंड शिकवतो. धावणं, गोळाफेक, लांब उडी. मी स्वतः फौजेच्या भरतीला तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा बाहेर पडलो. हे पोरांना मी कधी सांगितलं नाही. सर कुठंतरी सीमेवर राहून आलेत असं त्यांना वाटायचं, आणि मी ते वाटू दिलं. टोपी तशी, बूट तसे, केस तसे. "फौजेत असलं चालत न्हाय" हे वाक्य दिवसातून दहादा माझ्या तोंडी. कुणी विचारलंच तर नुसतं हसायचं. म्हणजे बघा, मुळात सवय होतीच.

एअरसॉफ्ट हा खेळ मी पुण्यात एका मित्राकडं पाहिला आणि येडा झालो. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, दोन टोळ्या, एक झेंडा, तो आपल्या खांबाला नेऊन टेकवला की डाव आपला. लपायचं, सरपटायचं, हाताच्या खुणांनी बोलायचं. आमच्या बेंबळीबाहेर माळावर एक बंद पडलेली दगडखाण आहे, मालक ओळखीचा. तिथं सुरू केलं. पोलीस पाटलाला आधी कल्पना द्यायची, बंदुकीच्या तोंडाला भगभगीत नारंगी रंग ठेवायचा, आणि डोळ्याला गॉगल नसेल त्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही. एवढं मी कडक पाळायचो. तेवढं तरी पाळलं.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका, सगळं तिच्यावरच आहे. रंगाच्या गोळ्यांचा जो खेळ असतो त्यात कपड्यावर डाग पडतो. यात डाग पडत नाही. तुरीच्या दाण्याएवढी पांढरी गोळी येते, लागते, खाली पडते, संपलं. लागली की नाही हे ज्याला लागली त्यालाच कळतं. त्यानं स्वतःहून ओरडायचं, "लागली!" हात वर करायचा, खिशातलं लाल फडकं डोक्यावर धरायचं आणि मैदानाबाहेर चालू पडायचं. मारणाऱ्यानं हुज्जत घालायची नाही. पहिल्याच दिवशी मी खाणीतल्या एका धोंड्यावर उभा राहून भाषण ठोकलं होतं. ज्याला लागली त्याचा शब्द शेवटचा, ज्याच्यात इमान नाही त्यानं घरी बसावं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते भाषण आता आठवलं की — जाऊ द्या.

ती लाल फडकी शिवली मैनूचाचांनी.

मैनूचाचा म्हणजे आमच्या गावचे टेलर. साठीच्या पुढचे. बेंबळीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांची शिलाई. माझ्या लग्नाचा सफारीसुद्धा त्यांचाच. मोबाइलवरचा एक फोटो दाखवला आणि त्यांनी कागदावर एक रेघही न ओढता आम्हा अकरा जणांना जाकिटं शिवून दिली. पुढं तीन खिसे, पाठीला पाण्याच्या बाटलीची पिशवी. जाकिटं द्यायला म्हणून खाणीवर आले आणि दुपारपर्यंत बघत बसले. मग हळूच म्हणाले, "सर, म्या बी एकदा खेळून बघू का?"

पोरं फिदीफिदी हसली. मीच म्हणालो, या की चाचा.

काय सांगू तुम्हाला! माणूस हाडाचा नेमबाज निघाला. आमच्या बंदुका बॅटरीवरच्या, भडाभडा गोळ्या ओकणाऱ्या. त्यांनी मागून घेतली ती दांडा ओढून एकेक गोळी मारायची साधी लांब बंदूक. गोणपाटाचे धागे उसवून त्यांनी स्वतःसाठी एक झगा केला, गवतासारखा. तो घालून तरवडाच्या झुडपात पडून राहिले की शेळीसुद्धा अंगावरून जायची. त्या झग्याला ते गोधडी म्हणायचे. "गोधडीत पडलो होतो सर, झोप लागंना म्हणून दोघं टिपले." वर्षभरापूर्वीच त्यांचा मोतीबिंदू काढलेला. आल्या-गेल्याला सांगायचे, डागदरानं नवी भिंगं घातलीत, आता मुंगीचा पाय दिसतो. आणि खरंच दिसायचा. ऊन पाठीशी असलं की पांढरी गोळी हवेतून जाताना दिसते. तिचा सगळा रस्ता ते बघत राहायचे. सुईत दोरा जाताना बघावा तसं.

त्या रविवारी सोलापूरची एक टोळी आली होती. चांगली तयारीची पोरं, महागडी साधनं. माझे अकॅडमीतले वीसेक विद्यार्थी बघायला खाणीच्या काठावर बसलेले. सोलापूरकरांचा एक गडी कमी होता म्हणून मीच म्हणालो, आमचे चाचा घ्या. मोठेपणा! शेवटचा डाव होता. झेंडा माझ्या हातात आला, आणि आमच्या खांबापर्यंत पाच-सहा पावलं उरली होती.

आणि मला लागली.

मानेला, मागं, कॉलरीच्या जरा आत. चटका बसला. कुठं शंका नाही, भास नाही. गोळी शर्टाच्या आत घरंगळलेली मला पाठीवर कळली — गार. एवढं सगळं कळलं. आणि मी थांबलो नाही.

थांबलो नाही हे चुकून झालं असं म्हणता येईल का? पावलं वेगात होती, पोरं ओरडत होती? नाही हो. पाच पावलं म्हणजे लई वेळ असतो. प्रत्येक पावलाला मला माहीत होतं. खांबाला झेंडा टेकवला, पोरं नाचायला लागली, आणि पन्नासेक पावलांवर तरवडातून गोणपाटाचा ढीग उठून उभा राहिला. चाचा. चेहऱ्यावर कोण आनंद! त्यांना वाटलं मी विसरलो असेन. हसत हसत ओरडले, "सर, लागली की! कॉलरीला लागली, म्या बघितली!"

पंच म्हणून उभा असलेला पोरगा माझ्याकडं आला. "सर, लागली का?"

मी म्हणालो, "न्हाय."

एक शब्द. त्यानं शिट्टी वाजवली. काठावरून एक पोरगा ओरडला, "आजोबा, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." हशा पिकला. इथं तरी मी गप्प राहायला पाहिजे होतं की नाही? खोटं तर बोलून झालं होतं. पण सगळे हसत होते, माझी पोरं माझ्याकडं बघत होती, आणि चाचा तसेच उभे होते, हात पुढं करून, गोळी कुठून कशी गेली ते बोटानं दाखवत. मला राग आला. त्यांचाच राग आला! मी जवळ गेलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचा, वय झालं आता. उन्हानं भास होतो माणसाला. डोळे पुन्हा दाखवून घ्या एकदा."

त्यांचा हात खाली आला. मग कानाच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाले, "माफ करा सर. चारचौघात तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही म्हणताय म्हंजी न्हाय लागली."

माफी त्यांनी मागितली. माझी. आणि मी पाठीवर थाप मारून दिलीसुद्धा.

घरी अंघोळीला बसलो, शर्ट काढला तर गोळी फरशीवर टक्कन पडली. पांढरी. मी ती पायाच्या अंगठ्यानं मोरीत ढकलली. बायकोनं पाठ घासताना मानेवरचा लाल फोड बघितला, म्हणाली, काय चावलं हो? गांधीलमाशी, म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं चुना लावला.

पुढच्या रविवारी चाचा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं.

मग चाचांच्या दुकानाबद्दल कुरबुर ऐकू यायला लागली. चाचा एकच माप तीनतीनदा घेतात. शिवलेली बाही उसवून पुन्हा शिवतात. शाळेच्या गणवेशाचं काम आलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं. एका पोरीच्या लग्नाचा ब्लाउज तयार झालेला, सगळे म्हणत होते झकास झालाय, पण चाचा तो उलटा-सुलटा करून म्हणत राहिले, काज तिरकं गेलंय, तुम्हाला दिसत नसंल. मी गेलो बघायला. काज सरळ होतं हो. रेघ मारल्यासारखं सरळ.

तेव्हा सांगायचं होतं. दुकानात दोघंच होतो. तोंड उघडलंही होतं. आणि काय म्हणालो? म्हणालो, चला चाचा, सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू.

माझ्या मोटरसायकलवर नेलं. अंगणातून निघालो तर शेजारचे म्हणाले, सर किती करतात म्हाताऱ्याचं, पोटचा पोरगा करणार नाही. मी मान खाली घालून किक मारली, त्यांना तो विनय वाटला. डॉक्टरनं तासभर तपासलं. म्हणाले, बाबा, या वयात एवढी साफ नजर मी कमी बघितलीय. मला वाटलं, सुटलो! आता हा माणूस मशीनवर बसणार, मला काही बोलायची गरज नाही.

येताना वाटेत चहाला थांबलो. चाचा बशीत चहा ओतून बसले, पण पिईनात. म्हणाले, "डागदर चांगला हाय. पण सर, त्याला काय ठावं? तुम्हाला न्हाय लागली. ज्याला लागती त्यालाच कळतंय, तुम्हीच सांगितलंय. अन् मला तर लख्ख दिसली, कॉलरीवर बसताना. मग मला जे लख्ख दिसतंय, त्येचा काय भरवसा? उद्या कुणाच्या लेकीचा कपडा बिघडवला म्हंजी?"

डॉक्टर, यंत्रं, भिंगं, सगळं एका बाजूला. आणि माझं एक "न्हाय" एका बाजूला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा. आणि मी काय केलं? "चहा गार होतोय चाचा," म्हणालो.

त्या दिवाळीआधी त्यांनी मशीन कळंबला जावयाकडं पाठवलं. चाळीस वर्षांचं दुकान. मशीन टेम्पोत चढवायला मीच हात लावला. एक पाय मी धरला होता.

अजून खेळतो का, विचाराल. नाही. पोरांना सांगितलं, गुडघा दुखतो. हेही खोटंच. विहारात मात्र जातो. दर रविवारी सगळ्यांबरोबर पंचशील घेतो. चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही, तेव्हा माझा आवाज आपोआप बारीक होतो. शेजारी भाऊ असतो. त्याला वाटतं मला सर्दी आहे.

तुम्ही म्हणाल, अजून वेळ गेलेली नाही, चाचा जिवंत आहेत, जाऊन सांग. मला ठाऊक आहे. त्यांचं घर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. अडवलंय कुणी? कुणी नाही. मी सांगत नाही, बस.

परवाचीच गोष्ट. मी स्टँडकडून येत होतो. चाचा रस्त्याच्या पलीकडं, ओट्यावर बसलेले. मध्ये रस्ता, त्यात पारावरची माणसं, एक उसाची ट्रॉली उभी. चांगलं पन्नास पावलांचं अंतर. मी नजर चुकवून निघालो होतो, एवढ्यात हाक आली.

"ओ सर! वरून तिसरं बटन उसवलंय बघा तुमचं, एका धाग्यावर लटकतंय."

मी खाली बघितलं. खरंच, एका धाग्यावर होतं.

"पडंल वाटंत," चाचा म्हणाले. "म्हणलो असतो, इकडं आणा, टाका घालून देतो. पण मला कुठं दिसतंय आता."

मी बटणावर हात धरला आणि घरी आलो.