रंगाआधी ग्रीस

होटगी रोडवरच्या त्या मिस्त्रीला ग्रीसगन चालत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन तो बेअरिंग त्यात दाबत राहतो, पलीकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत. बोलणंही तसंच, समोरच्यात मुरेपर्यंत तेच तेच.

आमच्या ऑफिसच्या पूरबोटीचा ट्रेलर मी दरवर्षी त्याच्याकडे नेतो. यंदा साहेबांचा फोन आला, "उद्या पाहणी आहे. चाकं खोलू नका, नुसता रंग मारा." मी भित्रा कारकून, निरोप जसाच्या तसा सांगितला.

त्यानं ऐकून घेतलं, जॅक लावला आणि दोन्ही चाकं काढून ट्रेलर विटांवर ठेवला. आतलं ग्रीस ताकासारखं झालं होतं.

"पाणी गेलंय की, भाऊसाहेब. बोट उतरवताना चाकं बुडवताय, पुन्हा खोलून बघत न्हाय. पाणी गेलंय की. वाटंत चाक जाम झालं तर बुडणारी माणसं थांबत्यात व्हय?"

"पण साहेब..."

त्यानं गंजकं बेअरिंग माझ्या हातात कोंबलं. "ह्याला मारा म्हणावं रंग."

दुसऱ्या दिवशी पाहणीला ट्रेलर नव्हताच. साहेब सगळ्यांदेखत कडाडले. मी पिशवीतून ते बेअरिंग काढलं आणि त्यांच्या कोऱ्या फाईलवर ठेवलं.

"साहेब, ह्याला कुठला रंग मारू?"