सत्तावीस नंबरची हजेरी

लवंगतेलाचा वास आला की हजेरी घेता घेता मी अडखळतो. आता मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, पण तो वास मला देवपूरच्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत नेतो.

ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नसत, वर्ष वाया जायचं. भडगावहून मोटरसायकलने येणाऱ्या संदीपला एकच प्रॅक्टिकल कमी पडत होतं आणि त्या सकाळी, लवंगतेल काढायच्या प्रॅक्टिकलला, तो आला नव्हता. सरांनी "सत्तावीस" म्हटलं. मी मान खाली घालून त्याच्यासारखा घोगरा आवाज काढला, "हजर, सर." आम्ही सगळेच एकमेकांसाठी हे करायचो.

तासाभराने मी हजेरीपट ऑफिसात द्यायला गेलो, तर क्लार्क फोनवर संदीपच्या वडिलांशी बोलत होते. वाटेत कुणा पोराचा अपघात झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. क्लार्कनी पट उघडून सत्तावीसवर बोट ठेवलं. "काळजी करू नका आबा, तो वर्गात हजर आहे."

"मना पोऱ्या तठे शे ना? मंग बठ्ठं बरं शे," फोनमधला त्यांचा सुटकेचा आवाज मलाही ऐकू आला. खरं सांगितलं तर दोघांचंही वर्ष जाईल, म्हणून मी गप्प बसलो.

संदीप संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बेवारस पडून होता. माझ्या 'हजर'च्या तासभर आधीच तो गेला होता. वर्गातला तो घोगरा आवाज माझाच होता की त्याचा, हेही आता छातीठोकपणे सांगवत नाही.

पंधरा दिवसांनी हॉल तिकिटं आली. त्यात त्याचंही होतं. हजेरी पुरेशी भरली होती.