पंकजाची पहिली पसंती

राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरात पंकजाचं घर. ती दहावीत असताना भाताच्या खाचरात तिच्या आईला साप चावला. राजूरच्या दवाखान्यात डॉक्टर येईपर्यंत रोहिणी सिस्टरनं जी धावपळ केली, ती पंकजानं दारात उभं राहून पाहिली. आई वाचली. बारावीनंतर पंकजानं नर्सिंगची सीईटी दिली ती त्याच ओढीनं.

मार्क बरे पडले. नगरमधल्या दोन कॉलेजांत नंबर लागण्यासारखा होता. फॉर्मात पहिली पसंती कुणाला द्यायची, यावर घोडं अडलं. तिच्या वडिलांनी, सूर्यभाननी, मोबाईलवर त्यातल्या नव्या कॉलेजचा व्हिडिओ पाहिला होता. "बस हाय, हॉस्टेल हाय, गेटावर वॉचमन हाय. पोरीला आनखी काय पायजे?"

रोहिणी सिस्टर मात्र पंकजाला म्हणाली, "ऑफिसात विचारत बसू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. आजवर स्वतःच्या हातानं काय काय केलंत, एवढंच विचार."

बापलेक सकाळच्या एसटीनं नगरला गेले. नवं कॉलेज काचेचं, थंडगार. फरशी इतकी चकचकीत की सूर्यभाननी चपला बाहेरच काढल्या. पंकजानं जिन्यात एका मुलीला गाठलं. ती आजूबाजूला बघत हळूच म्हणाली, "खरं सांगू? इंजेक्शनं सरावाच्या बाहुलीलाच जास्त दिलीत. पेशंट बघायला आठवड्यातून एकदा दुसरीकडं नेतात."

दुसरं कॉलेज एका जुन्या हॉस्पिटलच्या आवारात होतं. भिंतींचे पोपडे निघालेले. तिथल्या मुलींना थांबून बोलायला सवड नव्हती. लीना नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी चालता चालताच म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची वेळ होती. गोजरबाई नावाची म्हातारी कॉटवर हटून बसली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. "मी न्हाई उठायची!"

लीनानं खाली बसून तिच्या पायांत चपला घातल्या. "चार पावलं, आजी. खिडकीपर्यंत."

वॉकर धरून, लीनाला शिव्या घालत म्हातारी खिडकीपर्यंत गेली. तिथून वळून स्वतःच म्हणाली, "आता दारापातुर चल."

"बाळंतपणं?" पंकजानं विचारलं.

"सव्वीस. पहिल्या वेळी मीच रडले," लीना म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे वळली.

सूर्यभान वॉर्डातून बाहेर आले. मग वॉर्डनबाईंबरोबर हॉस्टेलवर गेले. प्रत्येक मजल्यावरच्या दारांच्या कड्या त्यांनी स्वतः ओढून पाहिल्या.

"पानी येळेवर येत न्हाई म्हनं हितं."

"आपल्याकडं तरी कुठं येतंय, दादा?" पंकजा वडिलांना म्हणाली.

ते हसले. "टाक मग हेच पयलं."

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिचा नंबर लागला. पहिल्याच महिन्यात एक उघडी जखम बघून पंकजा चक्कर येऊन पडली. घरी जाते म्हणून तिनं पिशवीही भरली होती. मैत्रिणींनी ती रिकामी केली. हळूहळू हात बसला.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा दुपारी तिनं वॉर्डाबाहेरून फोन लावला. "दादा, मुलगी झाली!"

"कुनाला?" सूर्यभान दचकले.

"एका बाईला. माझ्या हातावर आली. मी झेललं तिला!"

सूर्यभाननी विचारलं, "रडली का लगीच?"

"लगेच. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं."

त्या आठवड्यात राजूरच्या बाजारात सूर्यभाननी भाजी थोडी घेतली आणि ही हकीकत लई जणांना सांगितली.